उत्तरेच्या उजेडातली रुई

म्हातारा दारात उभा राहिला, बूट काढले आणि नमस्कार करायच्या आधीच त्याने खिडकीचा पडदा दोन बोटांत धरून चुरगाळला.

"आखूड रुई," तो म्हणाला. "पाऊण इंचाच्या वर तंतू नाही. दोन धुण्यांत लोंबेल."

"तीन झाली," उसुईबाई म्हणाल्या. "लोंबलाय. बसा."

किनुको उसुई यांचं तपास कार्यालय ओसाकातल्या तेन्मा भागात, सुक्या समुद्री शेवाळाच्या दुकानावर होतं. अशील जिना चढून वर येईपर्यंत त्याच्या कपड्यांना खारट वास लागलेला असे. विमा कंपनीसाठी बारा वर्षं आगींचा तपास केल्यावर बाईंनी स्वतःची पाटी लावली होती. मदतीला बेप्पु होता. तो पूर्वी ट्राममध्ये कंडक्टर होता. फुकटे प्रवासी हुडकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, बाकी सगळ्या बाबतींत मात्र तो सावकाश होता.

म्हाताऱ्याने बेप्पुच्या बाहीलाही बोट लावलं. "हा शर्ट बरा आहे. लांब तंतू, आणि पांढरा कसा स्वच्छ!"

बेप्पुची छाती फुगली. त्याचा तो शर्ट गेल्या उन्हाळ्यापासून उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचा झाला होता आणि बायको रोज त्यावरून बोलत होती.

"मी ओगिता. किशिवादाच्या हामाकावा कताई गिरणीत कापसाचा पारखी आहे. अडतीस वर्षं. माझ्या चिठ्ठ्या कोणीतरी बदलतंय. कोण ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त पुरावा द्या."

"मग माझी फी निम्मीच लागेल," बाई म्हणाल्या. "सांगा."

ओगिताने सांगितलं ते असं. गिरणीत येणाऱ्या प्रत्येक गठाणीतून मूठभर रुई काढतात, कागदात गुंडाळतात आणि त्याच्या टेबलावर आणतात. तो चिमूट ओढून तंतूची लांबी पाहतो, रंग पाहतो, कचरा पाहतो आणि चिठ्ठीवर लांबी व प्रत लिहितो. पहिली, दुसरी, तिसरी. पांढरी रुई पहिल्या प्रतीत, पिवळट झाक असलेली दुसऱ्या, पिवळी तिसऱ्या. चिठ्ठी गठाणीला लागते आणि एका प्रतीच्या गठाणी एकत्र कातल्या जातात. अडतीस वर्षांत कुणाची तक्रार नव्हती. आता रंगाऱ्याकडून कापड परत आलं होतं. फिकट गुलाबी रंगात पट्टेच पट्टे उठले होते. पहिल्या प्रतीच्या घाण्यात सहा पिवळ्या गठाणी निघाल्या आणि सहाही गठाणींवर ओगिताची चिठ्ठी होती.

"पांढऱ्या गठाणीची चिठ्ठी काढून पिवळीला लावली," तो म्हणाला. "मुराओचं काम. तो हवेचं यंत्र घेऊन आलाय ना, त्याला माझी खोली हवी आहे. शुक्रवारी संचालकांची बैठक आहे. मी तसं लेखी दिलंय. एक तर तो जाईल, नाहीतर मी."

"गेलात तर काय कराल?"

प्रश्न साधा होता, पण म्हातारा अडखळला. "घरी बसेन," तो म्हणाला. "घरी कोणी नाही. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरी नुसता रेडिओ आहे." मग त्याने पाठ ताठ केली. "ते जाऊ द्या. चुका करतो म्हणून काढलं, हे नको. जायचं तर नाव घेऊन जायचं."

"नमुने टेबलावर कोण आणतं?"

"एक बाई आहे. ताबे... ता काहीतरी. बावीस वर्षं आणतेय."

तो खाली उतरल्यावर बेप्पु हसला. "बाई, पाय पाहिलेत का? एक मोजा काळा, एक गर्द निळा. बायको नसली की असं होतं बघा."

"तुझी आहे, तरी तुझ्या कॉलरला सोया सॉसचा डाग आहे," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळची गाडी पकडू."

*

पारख्याची खोली गिरणीच्या वरच्या मजल्यावर होती. भिंती करड्या, टेबल काळं, आणि उत्तरेला जमिनीपासून छतापर्यंत काचा. ऊन कधी आत येत नसे, दिवसभर एकसारखा थंड उजेड पडे. कापूस पाहायला दुसरा उजेड चालतच नाही.

ओगिता काम करत होता. त्याने चिमूट उचलली, दोन्ही अंगठ्यांनी ओढली, तुटके तंतू झटकले, पुन्हा ओढली आणि उरलेली झुलपी काळ्या मखमलीवर ठेवली. मोजपट्टीला हातही लावला नाही. "एक इंच आणि एक सोळांश," तो म्हणाला. बेप्पुने पट्टी लावून पाहिली. बरोबर एक इंच आणि एक सोळांश.

"जादूच की!"

"जादू कसली. बोटं आहेत." म्हातारा पहिल्यांदाच खूष दिसला. मग त्याने खिडकीकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "या काचांचं तेवढं कोणीतरी मनावर घ्यायला हवं. चिमणीच्या काजळीने उजेड मातकट झालाय. दोन वर्षं सांगतोय."

उसुईबाईंनी काचेवरून रुमाल फिरवला. रुमाल स्वच्छ राहिला. त्यांनी तो खिशात घातला.

"परत आलेलं कापड ज्या गठाणींचं होतं, त्यांचे जपून ठेवलेले राखीव नमुने तुम्ही पाहिलेत?"

"एकदा पारखलेला नमुना पारखी पुन्हा पाहत नाही. आमच्यात तसं नाही. चिठ्ठी हातातून सुटली की सुटली."

"तिची नक्कलही ठेवत नाही?"

"शंका असणारे नक्कल ठेवतात," ओगिता म्हणाला आणि दाराकडे तोंड करून ओरडला, "नमुने!"

राखाडी झगा घातलेली, केस घट्ट बांधलेली पन्नाशीची बाई आत आली. तिने दहा पुडकी मांडली, लिहून झालेल्या चिठ्ठ्या उचलल्या आणि आवाज न करता निघून गेली. ओगिताने मान वर केली नाही.

*

कच्च्या मालाचे प्रमुख कुरिहारा यांच्या टेबलावर पोटाच्या गोळ्यांच्या तीन बाटल्या होत्या. पारख्याचं नाव निघताच त्यांनी त्यातली एक उघडली.

"म्हाताऱ्याने मला कात्रीत धरलंय. मुराओवर लेखी आरोप! मी सहा नमुने समोर ठेवले, तर मान फिरवली. असा हटवाद!"

"सणानंतर काही बदललं का हो इथे?" बाईंनी विचारलं. "कापड ज्या रुईचं होतं, ती सप्टेंबरच्या रथांच्या सणानंतर पारखलेली होती, असं नोंदीवरून दिसतं."

"बदललं ते चांगलंच बदललं. सणाच्या दुसऱ्या दिवसापासून मी नव्या चिठ्ठ्या सुरू केल्या. प्रत लिहायची ती दस्तऐवजी अक्षरांत, बँकेत लिहितात तशी. साधे आकडे बंद. ओगिता-साननाही ते पसंत पडलं. आता चिठ्ठीत कोणी ढवळाढवळ करूच शकत नाही." मग ते खट्टू झाले. "आणि नेमकं तेव्हापासूनच हे सुरू झालं."

"नेमकं तेव्हापासून," बाई म्हणाल्या. "जुन्या चिठ्ठ्या आहेत?"

होत्या. गोदामात तारेत ओवून ठेवलेल्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्या. बाई पोत्यावर बसल्या आणि एकेक उलटू लागल्या. बेप्पुने डबा उघडून भाताचे गोळे खायला घेतले.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"तूच सांग."

बेप्पुने बोटं चाटली आणि वाकून पाहिलं. प्रत्येक चिठ्ठीवर छापील चौकट होती आणि चौकटीत पेन्सिलीने प्रत लिहिलेली. एक आडवी रेघ म्हणजे एक, दोन रेघा म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. "पहिली, दुसरी, दुसरी, पहिली, तिसरी. म्हातारा नीटनेटका आहे. एकची रेघ बरोब्बर चौकटीच्या मधोमध."

"आणि दोनच्या?"

"काहींत मधोमध. काहींत जरा वर सरकल्यात. ही बघा, वरची रेघ छापील चौकटीला टेकलीय. घाईत असेल."

"अडतीस वर्षं नीटनेटकं लिहिणारा माणूस घाई फक्त वरच्या रेघेची करतो," बाई म्हणाल्या. "जेव ना तू."

*

मुराओ तिशीचा होता आणि संशयिताला शोभेल असा उद्धट अजिबात नव्हता. तो यंत्राच्या खोलीत एकटाच बसून थंड शेवया खात होता. रुईचा बोळा नळीत घालायचा, त्यातून हवा सोडायची, आणि तंतू किती बारीक ते काट्यावर वाचायचं, असं त्याचं यंत्र.

"तुमच्यावर चिठ्ठ्या बदलल्याचा आळ आहे," बाईंनी सरळ सांगितलं.

"ठाऊक आहे. सगळ्या गिरणीला ठाऊक आहे. म्हणून तर या टेबलाशी कोणी जेवायला बसत नाही." त्याने शेवया बाजूला सारल्या. "त्या सहा गठाणींचे राखीव नमुने मीच पुन्हा तपासले. ऐका. चिठ्ठीवर लिहिलेली लांबी सहाही गठाणींत अचूक होती. एक बत्तिसांश इंचाचाही फरक नाही. त्या माणसाच्या बोटांपुढे माझं यंत्र हात जोडेल. चूक फक्त रंगाची."

"उलटी चूक एखादी? पांढरी रुई पिवळी म्हणून लिहिलेली?"

"नाही. सगळ्या चुका एकाच दिशेच्या. पिवळीला पांढरी म्हटलंय."

"यंत्राला रंग कळतो?"

"अजिबात नाही. मी त्यांना सांगायला गेलो होतो, की दोघं मिळून काम करू. त्यांनी खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही."

बाहेर पडल्यावर बेप्पु म्हणाला, "फार गोड बोलतोय. हाच."

"बेप्पु, सहा जणांच्या टोप्या चोरून दुसऱ्याच सहा जणांना घातल्या, तर सगळ्यांना अगदी मापात बसतील का?"

बेप्पु विचार करू लागला. तो विचार करताना तोंड उघडं ठेवी.

*

नमुन्यांच्या बाईचं नाव ताबुची शिगे होतं. ती गिरणीच्या वसतिगृहातच राहत होती. पुरुषांना आत मज्जाव होता, म्हणून बेप्पु फाटकाशी थांबला आणि उसुईबाई एकट्याच गेल्या.

बाकी खोल्यांत सोळा-सतरा वर्षांच्या मुली सहा-सहा जणी राहत होत्या. त्यांचे हसण्याचे आवाज बोळात येत होते. शिगेची खोली टोकाला होती, जेमतेम तीन चटया मावतील एवढी. एक उशी, एक वाडगा, एक पेला. तिने तो एकुलता पेला धुतला, त्यात बाईंना चहा दिला आणि स्वतः हात मांडीवर ठेवून बसली.

"तुम्ही कुठल्या?"

"गोतो बेटांवरची. आठव्या वर्षी शाळा सुटली, चौदाव्या वर्षी गिरणीत आले. सोबतच्या सगळ्या लग्न करून गेल्या. मी राहिले."

"चिठ्ठ्या गठाणींना तुम्हीच लावता?"

"हो. दुसरं कोणी हात लावत नाही."

"ओगिता-सान बोलतात का तुमच्याशी?"

"बोलतात की. 'नमुने' म्हणतात. 'झालं' म्हणतात."

"आणखी?"

शिगे बराच वेळ आठवत राहिली. "एकदा भूकंप झाला होता, तेव्हा 'टेबलाखाली' म्हणाले होते."

भिंतीवर काळ्या कापडाचा तुकडा टाचलेला होता आणि त्यावर रुईच्या झुलप्या रांगेने चिकटवलेल्या होत्या. डावीकडची दुधासारखी पांढरी, मग एकेक पायरीने पिवळी होत होत उजवीकडची थेट मधासारखी. चाळीस तरी असतील. खाली खिडकीच्या फळीवर पत्र्याचा डबा होता, पेन्सिलीच्या थोटकांनी भरलेला.

"हे काय?"

"जाताना-येताना उचललेली रुई. संध्याकाळी वेळ जात नाही." डब्याकडे बाईंची नजर गेलेली तिने पाहिली. "ती थोटकं ओगिता-सान टाकून देतात. वाया जातात म्हणून."

"तुम्हाला लिहायला येतं?"

शिगेने मान खाली घातली. "माझं नाव येतं."

उसुईबाईंनी चहा संपवला. त्यांना पुढचा प्रश्न विचारायचा होता, पण त्या पेल्याकडे बघून विचारवेना. त्यांचाही नवरा वारला होता आणि त्यांच्याकडेही बरीच वर्षं एकच पेला फडताळाच्या पुढच्या बाजूला होता.

*

शुक्रवारी सकाळी उसुईबाई ओगिताला फाटकापाशीच गाठून म्हणाल्या, "उत्तर मिळालंय. मी ते तुम्हाला एकट्याला सांगते."

"सगळ्यांसमोर सांगा. मला चोराचं तोंड बघायचंय."

"यात चोर नाही, ओगिता-सान. माझं ऐका. एकट्याने ऐका."

"अडतीस वर्षं मी जे केलं ते उजेडात केलं," तो म्हणाला. "हेही उजेडातच होऊ द्या."

मग इलाज राहिला नाही. सगळे वरच्या खोलीत जमले. कुरिहारा गोळी चघळत होते. मुराओ दाराशी उभा होता, ओगिताने त्याला पहिल्यांदाच आत येऊ दिलं होतं. नमुने मांडून शिगे निघाली होती, तिला बाईंनी थांबवलं.

"आधी चिठ्ठ्यांची अदलाबदल," बाई म्हणाल्या. "ती झालीच नाही. चिठ्ठी दुसऱ्या गठाणीवरून आली असती, तर लांबीही दुसऱ्या गठाणीची असती. सहाही चिठ्ठ्यांवर लांबी अचूक होती. म्हणजे चिठ्ठ्या त्याच गठाणींच्या होत्या आणि त्यांवरची प्रत ओगिता-साननीच लिहिली होती."

"म्हणजे मी चुकलो?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "मग दोन महिन्यांपूर्वीपर्यंत का चुकत नव्हतो?"

"चुकत होतात." बाईंनी हे हळू म्हटलं. "दोन वर्षं चुकत होतात."

त्यांनी खिशातून जुन्या चिठ्ठ्यांची तार काढली आणि काळ्या टेबलावर पसरली.

"तुम्ही एक लिहिता, तेव्हा रेघ चौकटीच्या मधोमध असते. दोन लिहिता, तेव्हा दोन्ही रेघा मध्यापासून सारख्या अंतरावर. पण या बघा. खालची रेघ मधोमध आणि वरची चौकटीला टेकलेली. इथे आधी एक होता. कोणीतरी वर एक रेघ वाढवून त्याचे दोन केले. काही ठिकाणी दोनाचे तीन. अशा पहिल्या चिठ्ठीला दोन वर्षं झालीत. सुरुवातीला महिन्याला एखादी, या ऑगस्टमध्ये एकतीस."

"ढवळाढवळ!" कुरिहारा उसळले.

"हो. आणि त्या काळात एकाही रंगाऱ्याची तक्रार आली नाही. मग सण झाला आणि तुम्ही दस्तऐवजी अक्षरं आणलीत, दहा-बारा फराट्यांची. त्यांत रेघ वाढवून काही होत नाही. ओगिता-सान, तुम्ही मला म्हणालात, चिठ्ठ्या बदलायला कोणीतरी सुरुवात केली. सुरुवात कोणी केली नाही. सणानंतर ते काम थांबलं."

खालून चात्यांची घरघर येत होती.

"बेप्पु, इकडे ये," बाई म्हणाल्या. "या दोन नमुन्यांत पिवळा कोणता?"

"हा. हे काय, लोण्यासारखा आहे! आंधळ्यालाही—" बेप्पुने जीभ चावली.

"ओगिता-सान?"

म्हाताऱ्याने दोन्ही नमुने खिडकीशी नेले. बराच वेळ पाहिलं. एक डोळ्याजवळ धरला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"काचांवर काजळी आहे," तो म्हणाला.

"काचा स्वच्छ आहेत. मी रुमालाने पुसून पाहिल्या. तुम्ही बेप्पुचा शर्ट पांढरा म्हणालात, आणि त्याचा शर्ट त्याची बायकोसुद्धा पांढरा म्हणत नाही. तुमच्या पायात एक मोजा काळा आहे आणि एक निळा. वयाने डोळ्यांच्या भिंगावर पिवळट पडदा धरतो. त्यातून पिवळं आणि पांढरं वेगळं दिसत नाही, काळं आणि निळं वेगळं दिसत नाही. म्हणूनच तुमच्या सगळ्या चुका एकाच दिशेच्या झाल्या."

ओगिता खुर्चीवर बसला. अडतीस वर्षं तो या खोलीत उभ्यानेच काम करत आला होता.

"मला ठाऊक होतं," तो शेवटी म्हणाला. "पुरतं नाही. अर्धं. म्हणून मी राखीव नमुने पाहिले नाहीत. खिडकीला दोष देत राहिलो." मग त्याने मान वर केली. "रेघ कोणी वाढवली?"

चिठ्ठी ओगिताच्या हातातून निघून गठाणीला लागेपर्यंत मध्ये एकच माणूस होतं, आणि ते आता सगळ्यांनाच उमगलं.

शिगे पुढे आली आणि कमरेत वाकली. वाकलेलीच राहिली.

"का केलंत हे?" कुरिहारांनी विचारलं. "आणि सणानंतर का सांगितलं नाहीत? सहा गठाणी वाया गेल्या!"

"सांगितलं असतं, तर यांना काढलं असतं," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मग मी नमुने कुणासाठी आणू? नव्या चिठ्ठ्या आल्या तेव्हा रोज रात्री ती अक्षरं गिरवून पाहिली. जमली नाहीत. रेघ मला येते. अक्षर येत नाही."

"ही बडतर्फीची बाब आहे," कुरिहारा म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता.

"कुणाची बडतर्फी?" ओगिता म्हणाला. "दोन वर्षं या गिरणीची पारख हिने केली. मी नुसती लांबी लिहीत होतो." तो मुराओकडे वळला आणि ताठ, रीतसर नमस्कार केला. "मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. बैठकीत मी तसं सांगेन. माझे डोळे गेलेत, हेही सांगेन. आजपासून मी या खोलीत नाही."

मुराओला काय करावं ते कळेना. त्यानेही नमस्कार केला. "यंत्राला रंग कळत नाही," तो कुरिहारांना म्हणाला. "मला रंग सांगणारं माणूस लागेल. यांनी पाहावं, चिठ्ठी मी लिहीन."

"बाईमाणूस? पारखी?"

"दोन वर्षं चाललं की," उसुईबाई म्हणाल्या. "एकाही तक्रारीशिवाय."

कुरिहारांनी आणखी एक गोळी तोंडात टाकली. "वर्षअखेरपर्यंत," ते म्हणाले. "पाहू."

"आणि साधे आकडे परत आणा," ओगिता म्हणाला. "रेघांचे. चुकलेल्याचं दुरुस्त करता येईल एवढी जागा असू द्या."

एवढं बोलून तो उठला. टेबलावर आजचं पहिलं पुडकं तसंच होतं. त्याने खणातून जुन्या पद्धतीची कोरी चिठ्ठी काढली. पुडकं सोडलं, चिमूट ओढली, लांबी लिहिली. मग रुई तळहातावर घेऊन उजेडात धरली. त्याला काय दिसलं ते त्यालाच माहीत. त्याने चौकटीच्या मधोमध एक रेघ ओढली, चिठ्ठी फिरवून शिगेपुढे सरकवली आणि वर पेन्सिल ठेवली.

"बघा," तो म्हणाला. मग थांबला. "तुमचं नाव काय?"

"ताबुची. शिगे."

"बघा, शिगे-सान."

तिने रुई खिडकीशी नेली. सगळे वाट पाहत राहिले. बेप्पुनेसुद्धा तोंड मिटलं होतं. तिने रुई या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली, परत आली आणि पेन्सिल न उचलता चिठ्ठी घेतली.

"पहिलीच आहे," ती म्हणाली. "तुमची रेघ बरोबर आहे."

ओगिताने डोळे पुसले. लपवलं नाही.

तो दारापाशी बूट घालायला पायरीवर बसला. अर्धा बूट चढवल्यावर त्याला काही आठवलं.

"हे मोजे. तुम्हाला दिसत होते?"

"दोन वर्षांपासून," शिगे म्हणाली. "कधी एक निळा, कधी दोन्ही बरोबर."

"सांगायचं ना."

"तुम्ही कधी काही विचारलं नाहीत."

उसुईबाईंनी बेप्पुची बाही ओढली. दोघं जिन्याकडे वळले. वळताना बेप्पुने मागे पाहिलं. म्हाताऱ्याने बूट बाजूला ठेवला होता आणि दोन्ही मोजे काढले होते. नमुने धरावेत तसे ते दोन हातांत धरून त्याने शिगेपुढे केले.

"काळा कोणता?" त्याने विचारलं.

शिगेने दोन्ही मोजे घेतले आणि उत्तरेच्या उजेडात धरले.

"हा," ती म्हणाली.